नर्सिंग स्टाफसाठी मधुमेहाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण : नेमकं काय घ्यावं?

मुठाकाठ · सोमवार, सकाळी ११:१०

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका ६० खाटांच्या रुग्णालयात नर्सिंग स्टाफसाठी मधुमेहाचं प्रशिक्षण आखतेय. एकूण ३४ जणी-जण, दोन बॅचेस, प्रत्येक बॅचला दोन दिवस. त्यातल्या चार सिस्टर पुढे पालखीच्या वैद्यकीय शिबिरात जाणार आहेत, म्हणजे ज्येष्ठ लागायच्या आत हे उरकायला हवं.

तयार स्लाइड्स मिळाल्यात ११८. पहिल्या ४० स्वादुपिंडावर, शेवटच्या १५ आहारावर. इन्सुलिन टोचण्यावर फक्त तीन. वॉर्डात रोज जे हाताने करायचं असतं, त्यावर भर देऊन सगळं नव्याने मांडायचं आहे. काय ठेवू, काय काढू? साहित्य काय लागेल? परीक्षा कशी घेऊ? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

लालटोपण · सोमवार, दुपारी २:३५

ताई, स्वादुपिंडाच्या ४० स्लाइड्सच्या जागी ४ ठेवा आणि पहिला पूर्ण तास सिरिंजला द्या. तोही सकाळचा, जेवणानंतरचा नको.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात. एका मिलीत ४० युनिट, आणि एका मिलीत १०० युनिट. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज, १०० साठी नारिंगी टोपणाची. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, आणि तरी चूक होते. कारण स्टोअरमधून एकाच रंगाच्या सिरिंज आलेल्या असतात, नाहीतर नातेवाईक बाहेरून वेगळ्या ताकदीची बाटली घेऊन येतात.

चूक केवढी होते ते आकड्यांत दाखवा. ऑर्डर २० युनिटची आहे.

४० ची बाटली, नारिंगी सिरिंज, २० च्या रेघेपर्यंत भरली : आत आलं ०.२ मिली, म्हणजे ८ युनिट. साखर उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, आणि पुढच्या पाळीतल्या सिस्टरने बरोबर सिरिंज घेतली की तो वाढवलेला डोस पेशंटला पूर्ण बसतो.

१०० ची बाटली, लाल सिरिंज, २० च्या रेघेपर्यंत भरली : आत आलं ०.५ मिली, म्हणजे ५० युनिट. अडीच पट.

हे फळ्यावर सांगून डोक्यात बसत नाही. प्रत्येकीच्या पुढ्यात दोन्ही सिरिंज ठेवा, रिकाम्या बाटल्यांत रंगीत पाणी भरा, बाटल्यांवर ताकदीची लेबलं लावा. मग सहा ऑर्डरी द्या. त्यातल्या दोन ठिकाणी जुळणारी सिरिंज टेबलावर ठेवूच नका. तिथे अपेक्षित उत्तर ‘थांबते, योग्य सिरिंज मागवते’ एवढंच. जी मनात गुणाकार-भागाकार करून दुसऱ्या सिरिंजमध्ये डोस भरते तिला त्या फेरीत नापास करा. गणित बरोबर आलं तरी नापास. रात्री तीन वाजता तेच गणित चुकणार आहे.

ऑर्डर लिहिण्याचाही एक मुद्दा. ‘यू’ अक्षर घाईत लिहिलं की शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात. पूर्ण ‘युनिट’ शब्द लिहिलेला नसेल तर ऑर्डर परत विचारायची. नव्या सिस्टरला आरएमओला, म्हणजे निवासी डॉक्टरांना, फोन करायचा धीर होत नाही, म्हणून हा फोन प्रशिक्षणातच करून घ्या. एकीने डॉक्टर व्हायचं, दुसरीने विचारायचं, आणि ऐकलेला आकडा परत म्हणून दाखवायचा.

तिसरा_मजला · सोमवार, सायंकाळी ६:०५

लालटोपण यांच्याशी शब्दन् शब्द सहमत. त्यालाच जोडून मिश्रणाचं घ्या. साधं म्हणजे पारदर्शक इन्सुलिन आणि गढूळ एनपीएच (सावकाश काम करणारं इन्सुलिन) एकाच सिरिंजमध्ये घ्यायचं असेल तर क्रम ठरलेला आहे. समजा ८ साधं आणि १८ गढूळ. गढूळ बाटली दोन तळव्यांमध्ये हलकेच १० वेळा फिरवायची, १० वेळा उलटी-सुलटी करायची. खळखळ हलवायची नाही, फेस आला की डोस चुकतो. आधी गढूळ बाटलीत १८ युनिट हवा सोडून सुई बाहेर काढायची, औषध ओढायचं नाही. मग पारदर्शक बाटलीत ८ युनिट हवा सोडून ८ युनिट ओढायचं, बुडबुडे घालवायचे. शेवटी गढूळ ओढत २६ च्या रेघेवर थांबायचं. २७ वर गेलं तर जादाचं बाटलीत परत ढकलायचं नाही. सिरिंज टाकून द्यायची आणि पहिल्यापासून सुरुवात.

उलट केलं तर पारदर्शक बाटलीत गढुळाचे कण जातात आणि ती बाटली हळूहळू मंद होत जाते. लक्षातही येत नाही. ग्लार्जिन हे दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन दिसायला पारदर्शक असलं तरी ते कशातच मिसळत नाहीत, हेही सांगा. ‘पारदर्शक आधी’ एवढंच पाठ केलेली मुलगी नेमकी तिथे फसते.

आयसीयूच्या मुलींसाठी इन्फ्युजन, म्हणजे शिरेतून सतत दिलं जाणारं इन्सुलिन, वेगळं घ्या. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ५० युनिट साधं इन्सुलिन आणि नॉर्मल सलाइन, म्हणजे १ मिलीला १ युनिट. हे ५० युनिट १०० च्या बाटलीतून ०.५ मिली होतात आणि ४० च्या बाटलीतून १.२५ मिली. दोन्ही काढून दाखवायला लावा. ट्यूब लावल्यावर पहिले २० मिली वाहून जाऊ द्यायचे, कारण इन्सुलिन प्लास्टिकला चिकटतं. तसं केलं नाही तर सुरुवातीला पेशंटपर्यंत पुरेसं औषध पोचत नाही आणि उगाच वेग वाढवला जातो. कीटोॲसिडोसिसमध्ये (इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साठतं ती अवस्था) पोटॅशियमचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय इन्सुलिन सुरू करायचं नाही. ते ३.५ च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम भरून काढतात. इन्सुलिन पोटॅशियमला पेशींमध्ये ढकलतं आणि हृदयाची लय बिघडू शकते.

पर्वतीपायथा · सोमवार, रात्री ९:२०

एवढी कसरत कशाला? सगळीकडे इन्सुलिनची पेनं आणा. लाल-नारिंगीचा प्रश्नच मिटला.

लालटोपण · सोमवार, रात्री १०:०२

प्रश्न मिटत नाही, फक्त जागा बदलतो. पेन चांगलंच आहे, पण त्याचे स्वतःचे तीन धोके शिकवावे लागतात.

एक. पेनची सुई संपलेली असते, मग कार्ट्रिजच्या, म्हणजे पेनमधल्या औषधाच्या नळीच्या, रबरातून सिरिंजने औषध ओढलं जातं. कार्ट्रिज १०० च्या ताकदीचं असतं, ३ मिलीत ३०० युनिट. लाल सिरिंजने ओढलं की तीच अडीच पट चूक. कार्ट्रिजला सिरिंज लावायचीच नाही, असा सरळ नियम करा.

दोन. एक पेन एकाच पेशंटला. सुई बदलली तरी दुसऱ्याला चालत नाही, कारण टोचल्यावर रक्ताचा अंश कार्ट्रिजमध्ये मागे येऊ शकतो. हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही, सगळ्यांचा धोका. पेनच्या अंगावर नाव चिकटवा. टोपणावर नको, टोपणं बदलतात.

तीन. टोचण्याआधी सुई वर धरून २ युनिट सोडायचे, थेंब दिसला तरच पुढे. टोचल्यावर बटण दाबून ठेवून सावकाश १० पर्यंत मोजायचं, मग सुई बाहेर. झालं की सुई लगेच काढायची. पेनवर तशीच ठेवली तर आत हवा शिरते, औषध गळतं आणि पुढचा डोस कमी जातो.

सहा_वाजताची_पाळी · मंगळवार, सकाळी ७:४५

टोचायची जागाही हाताने शिकवा. पोटावर बेंबीभोवती दोन बोटं सोडून, मांडीच्या बाहेरच्या बाजूला वरच्या भागात, दंडाच्या मागच्या बाजूला, कुल्ल्यावर वरच्या बाहेरच्या भागात. आधीच्या टोचण्यापासून किमान एक बोट अंतर. ४ मिमीची पेनची सुई सरळ काटकोनात, बहुतेकांना चिमूट लागत नाही. सिरिंजची सुई ६ किंवा ८ मिमीची असते, तिथे अंगठा आणि दोन बोटांनी कातडी उचलायची. सगळ्या पंजाने उचलली तर स्नायूही वर येतो.

आणि गाठी. एकाच जागी टोचून टोचून चरबीची मऊ, रबरासारखी गाठ होते. डोळ्यांना बऱ्याचदा दिसत नाही, बोटांनी चाचपल्यावर कळते. पेशंटला तिथे टोचायला आवडतं, कारण दुखत नाही. पण तिथलं इन्सुलिन कधी कमी शोषलं जातं, कधी एकदम. गाठ सापडली की ‘उद्यापासून दुसरीकडे टोचा’ एवढंच सांगून पेशंटला घरी पाठवू नका. चांगल्या जागी तोच डोस जास्त लागू पडतो आणि साखर एकदम उतरते. डोस कमी करायचा का, हे डॉक्टरांना विचारूनच जागा बदलायची, आणि पुढचे काही दिवस साखर जास्त वेळा तपासायची.

वरणभात · मंगळवार, सकाळी ११:३०

साखर तपासणं सोपं वाटतं म्हणून प्रशिक्षणात त्याला दहा मिनिटं मिळतात. अर्धा तास द्या. आंबा नाहीतर केळं खाल्लेल्या बोटावर फळातली साखर चिकटलेली असते. रक्ताचा थेंब त्यात मिसळला की मीटर फार मोठा आकडा दाखवतो. हापूसच्या दिवसांत प्रशिक्षण असेल तर समोर करूनच दाखवा. एका स्वयंसेवकाचं एक बोट फोडीला लावा, दुसरं साबणाने धुऊन कोरडं करा, आणि दोन्ही बोटांची साखर मोजा. नुसतं स्पिरिट पुसून भागत नाही, आणि स्पिरिट ओलं असताना टोचलं तर थेंब पसरतो. बोटाच्या टोकावर नको, कडेला टोचायचं. दाबून पिळून रक्त काढायचं नाही.

पट्ट्यांची डबी लगेच घट्ट बंद करायची. पुण्यात जून ते सप्टेंबर हवा दमट असते, उघड्या पट्ट्या खराब होतात. एका डबीतल्या दुसऱ्या डबीत ओतायच्या नाहीत. रक्तक्षय असलेल्या पेशंटमध्ये बऱ्याच मीटरांचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, हे डायलिसिसच्या सिस्टरना विशेष सांगा. आणि बोट टोचायचं पेनसारखं उपकरण वॉर्डात सामायिक ठेवायचंच नाही. एकदा वापरून आपोआप बंद होणाऱ्या लॅन्सेटच घ्या.

चमचा_तराजू · मंगळवार, दुपारी ३:१५

साखर कमी होणं हा विषय मी दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवेन आणि दीड तास देईन. वॉर्डात मिनिटांवर येतो तो हाच प्रसंग.

साखर ७० (मिग्रॅ प्रति डेसिलिटर) च्या खाली आली की उपचार सुरू. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. आता १५ ग्रॅम म्हणजे किती? वर्गात स्वयंपाकघरातला वजनकाटा ठेवा आणि प्रत्येकीला चमच्याने घालायला लावा. चहाचा सपाट चमचा चार-पाच ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे तीन शिगोशीग चमचे लागतात. बहुतेक जणी एक चमचा पाण्यात ढवळून देतात आणि पंधरा मिनिटांनी आकडा हलला नाही म्हणून गोंधळतात. ट्रॉलीत १५ ग्रॅमच्या तयार पुड्या बांधून ठेवा.

साखर नव्हे, ग्लुकोज पावडर. आपल्याकडे व्होग्लिबोज घेणारे पेशंट भरपूर आहेत, काही जण अकार्बोज घेतात. ही औषधं साध्या साखरेचं पचन अडवतात, त्यामुळे साखरेचं पाणी वेळेवर चढत नाही. ग्लुकोजला पचन लागत नाही, ते सगळ्यांना चालतं. बिस्किट, पेढा, चॉकलेट पहिला उपाय म्हणून नको, त्यातल्या तूप-चरबीने उशीर होतो. साखर ७० च्या वर आल्यावर, जेवणाला वेळ असेल तर मग पोळी, दूध असं काहीतरी.

बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. मधाचं बोटही नाही. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली, म्हणजे २५ ग्रॅम. ट्रॉलीत २५ मिलीच्या ॲम्प्यूल असतील तर चार लागतात. एका ॲम्प्यूलमध्ये सव्वासहा ग्रॅमच असतं, हे माहीत नसल्यामुळे एकच देऊन थांबलं जातं. औषध शिरेबाहेर गेलं तर त्वचा जळते, म्हणून चांगली शीर, हळू गती, सतत लक्ष. शीरच मिळत नसेल तर ग्लुकॅगॉन १ मिग्रॅ स्नायूत.

ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या मधुमेहाच्या गोळ्यांमुळे साखर उतरली असेल तर ती परत परत उतरते, मूत्रपिंड अधू असेल तर हमखास. पेशंट उठून गप्पा मारू लागला म्हणून निरीक्षण थांबवू नये. २४ तास किंवा जास्त लक्ष ठेवावं लागतं. बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयविकाराची औषधं) घेणाऱ्यांना थरथर आणि धडधड जाणवत नाही. घाम मात्र येतो. गार कपाळावरचा घाम पाहायला शिकवा.

प्रतिबंधासाठी एकच वाक्य भिंतीवर लावा : ताट दिसल्याशिवाय जेवणाआधीचं इन्सुलिन नाही. साधं इन्सुलिन अर्धा तास आधी द्यायचं असतं, त्यामुळे किचनच्या मामांना विचारून ताटाची वेळ पक्की करावी लागते. किचनचा एक माणूस प्रशिक्षणाला अर्धा तास बसवा, फार उपयोग होतो.

मुठाकाठ · मंगळवार, सायंकाळी ५:५०

मनापासून आभार. वजनकाटा आणि आंबा दोन्ही यादीत घेतले. आता पाय, आणि पालखी. वारीत अनवाणी चालणारे, एकादशीचा उपास धरणारे, पिशवीत इन्सुलिन बाळगणारे, सगळेच भेटणार आहेत.

चवडा_टाच · बुधवार, सकाळी ९:००

पायासाठी १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा नायलॉनचा तंतू) आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंप जाणवतो का ते पाहायचा चिमटा), एवढंच साहित्य. पण मोनोफिलामेंट वापरायचा कसा, तिथे बरेच जण चुकतात. आधी तो पेशंटच्या हातावर टेकवून ‘असं वाटायला हवं’ हे कळू द्यायचं. मग डोळे मिटायला सांगायचं. अंगठ्याचा तळ, अंगठ्याखालचा चवडा, करंगळीखालचा चवडा, या तीन जागा. तंतू काटकोनात टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा, एक-दोन सेकंद ठेवून उचलायचा. ओढायचा, घासायचा नाही. घट्ट्यावर, जखमेवर टेकवायचा नाही, बाजूला घ्यायचा. प्रत्येक जागी तीनदा विचारायचं, त्यात एकदा न टेकवताच. तिनांपैकी दोन उत्तरं बरोबर आली तर तिथली संवेदना शाबूत. ‘लागलं का?’ या प्रश्नाला भिडेखातर ‘हो’ म्हणणारे खूप असतात, म्हणून ती खोटी वेळ महत्त्वाची. तंतू सतत वापरला की मऊ पडतो. सलग दहा पेशंटनंतर त्याला २४ तास विश्रांती, म्हणजे शिबिरासाठी चार-पाच तंतू हवेतच.

पालखी पुण्यात मुक्कामी असते तेव्हा पाय दाबून देण्याची सेवा खूप ठिकाणी होते. संवेदना गेलेल्या पायाला गरम पाण्याचा शेक देऊ नका. पाणी किती गरम आहे ते त्या माणसाला कळतच नाही, आणि भाजतं. पाणी आपल्या कोपराने तपासायचं. फोड फोडायचा नाही. तेल बोटांच्या बेचक्यात लावायचं नाही, ओल राहून कातडी कुजते. अनवाणी चालण्याचं व्रत असलेल्याशी वाद घालून उपयोग नाही. ‘माउली, विठोबापर्यंत पोचायचं तर पाय शाबूत पाहिजेत’, असं सांगून निदान जाड मोज्यांवर आणि रोज रात्री तळपाय दुसऱ्याकडून बघून घेण्यावर आणा. बूट-चपला घालणाऱ्याने घालण्याआधी आत हात फिरवायचा. बधिर पायाला आतला खडा मैलभर चालूनही कळत नाही. पायाला सूज, लाली आणि ऊब असेल, दुखत नसलं तरी, त्याला पुढे दिवेघाट चढू देऊ नका, डॉक्टरांकडे पाठवा.

सहा_वाजताची_पाळी · बुधवार, दुपारी १२:२०

उपासाबद्दल : साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं, केळी, सगळं पिष्टमयच. काही जणांची साखर एकादशीला चढते, काहींनी पाणीच घेतलेलं असतं आणि गोळी मात्र वेळेवर, त्यांची उतरते. म्हणून ‘उपास आहे का?’ याच्या पुढचा प्रश्न विचारायला शिकवा : ‘उपासाला काय खाल्लं, किती वाजता?’ ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर उपास सोडायचा. आणि इन्सुलिन पूर्ण बंद करण्याचा निर्णय पेशंटने किंवा सिस्टरने घ्यायचा नाही, टाइप १ (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही) असेल तर मुळीच नाही.

बाटली : न उघडलेली २ ते ८ अंशांत. फ्रीझरजवळ गोठली तर टाकून द्यायची, वितळल्यावर छान दिसली तरी. उघडलेली बऱ्याच प्रकारांत २८ दिवस खोलीत चालते, पण उन्हाळ्यात पुण्याची खोली चाळिशीच्या जवळ जाते. तिथे माठ कामाचा. मोठ्या माठात वाळू, त्यात छोटं मडकं, वाळू ओली ठेवायची, बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून मडक्यात. पावसाळी दमट हवेत माठ तेवढा गार होत नाही, हेही सांगा. दिंडीच्या ट्रकमध्ये टपावर किंवा इंजिनाजवळच्या सामानात बाटली नको, अंगावरच्या पिशवीत बरी.

कसबापेठ_९३ · बुधवार, दुपारी ४:४०

एक छोटी भर. आपल्या पुण्याचं काम मुलींना जरूर सांगा. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांमध्ये कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वजन कमी, चरबी जास्त. म्हणून सडपातळ दिसणाऱ्या पेशंटला ‘तुम्हाला कुठला मधुमेह?’ म्हणून सोडायचं नाही. टेप घेऊन कंबर मोजायची. पुरुषांत ९० सेंमी, बायकांत ८० सेंमी ही आपल्याकडची मर्यादा.

प्रसूती विभागासाठी : ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात, ५ ते १० मिनिटांत प्यायचं, उपाशी असो वा जेवलेली. दोन तासांनी १४० किंवा जास्त असेल तर गर्भावस्थेतला मधुमेह. ३० मिनिटांच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी, नंतर झाली तर चालू ठेवायची. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा.

मुठाकाठ · बुधवार, रात्री ८:१५

परीक्षा अशी ठरवतेय : लेखी २० गुण, हाताने ८० गुण, पाच टेबलं. सिरिंज, मिश्रण, मीटर, साखर उतरलेला पेशंट, पाय. सिरिंजच्या टेबलावर पूर्ण गुण नसतील तर प्रमाणपत्र नाही, पुन्हा बसायचं. तीन महिन्यांनी वॉर्डातच, न सांगता, एकदा पाहायचं. सिरिंजच्या टेबलावर तपासनिसासाठी लिहिलंय : ‘प्रत्येक रेघ म्हणजे एक युनिट मोजते का, ते पाहावे.’ चालेल ना?

लालटोपण · बुधवार, रात्री ८:५०

नाही, हे वाक्य बदला. लाल टोपणाच्या १ मिलीच्या सिरिंजवर साधारण एक रेघ एक युनिट असते. नारिंगीच्या १ मिलीवर एक रेघ दोन युनिटची असते, आणि नारिंगीच्याच अर्ध्या मिलीवर पुन्हा एकची. असं लिहा : ‘औषध ओढण्याआधी सिरिंज उजेडात धरून दोन आकड्यांमधल्या रेघा मोजते का, आणि एक रेघ किती युनिटची ते मोठ्याने सांगते का, ते पाहावे.’ टेबलावर तिन्ही सिरिंज ठेवा.